पाचव्या घराची कडी

भुतांच्या गोष्टी लिहिणारा माणूस दिवसा काय करतो, असा प्रश्न वाचकांना सहसा पडत नाही. कृष्णकांत दिवसा नागपूरजवळ अमरावती रोडवरच्या वाडीत, ट्रकच्या मालाच्या एका गोदामात कारकुनी करत असे आणि उरलेल्या वेळात भयकथांची पुस्तकं काढत असे. कोणत्याही प्रकाशकानं त्याला दारात उभं केलं नव्हतं. त्यामुळे लेखक तोच, प्रकाशक तोच आणि सायकलला गठ्ठा बांधून बसस्टँडच्या स्टॉलवर पोचवणारा हमालही तोच. १९७४चा हिवाळा लागेपर्यंत त्याच्या 'कोष्टीपुरा' मालेची चार पुस्तकं निघाली होती आणि नागपूर-कामठीत बऱ्यापैकी खपत होती.

माला त्याच्या लहानपणच्या उमरेडची. विणकरांची गल्ली, घराघरातून ऐकू येणारा हातमागाचा खटका, ताणून वाळत घातलेल्या सुताच्या खळीचा आंबूस वास. दिवेलागणीला एक बाई गल्लीत येते आणि एका घराची कडी वाजवते. प्रत्येक पुस्तकात एक घर, एवढाच मामला. मूळ गोष्ट त्याच्या वडिलांची. ते मागावर बसल्या बसल्या पोरांना ती सांगत आणि कडी वाजली की थांबत. "आज इथंच." दुसऱ्या दिवशी दुसरं घर. मागावरचं सूत विणकर कधी पुरतं संपवत नाही, थोडी टोकं राखून त्यांना नवं सूत जोडतो. वडील गोष्टसुद्धा तशीच राखून ठेवत. ते गेले तेव्हा बाई पाचव्या घराच्या, म्हणजे यांच्याच घराच्या दाराशी आली होती.

वाचक काही विणकर नव्हते. स्टॉलवाल्यानं स्पष्टच सांगितलं, "चार डाव कडी वाजवली तुमी. आता दार उघडा, नाहीतर पाचवं पुस्तक आणू नोका." कृष्णकांतनं पाचव्या पुस्तकात दार उघडलं. पुस्तक छापून आलं. गठ्ठे त्याच्या खोलीत खाटेखाली पडून होते, सोमवारी स्टॉलवर जायचे होते.

त्याच आठवड्यात त्याची थोरली बहीण अनुसया उमरेडहून आली. नागपूरच्या इतवारीतल्या एका धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आई लवकर गेल्यावर या ताईनंच त्याला वाढवलं होतं. तीन वर्षांपासून तिला भावाचा चेहरा नीट दिसला नव्हता. त्याची पुस्तकं ती शेजारणीकडून वाचून घेई आणि नंतर मुखपृष्ठावर बोट फिरवत बसे.

"पट्टी सुटली का पयले तुह्यं तोंड पाहीन," ती म्हणाली होती. "मंग पुस्तकावरचं तुह्यं नाव. बाकी जग पाह्यलं नाही पाह्यलं, सारखंच."

ऑपरेशन झालं. धर्मशाळेच्या लांब दालनात दोन्ही भिंतींना डोकी लावून पेशंट ओळीनं निजवले होते, सगळ्यांच्या डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. मान हलवायची सक्त मनाई होती. दोन्ही ओळींच्या मधोमध जायला जेमतेम वाट होती, पाय त्या वाटेत यायचे. नर्स दारातून आत आली की पावलांच्या आवाजावरून आधी पहिली जोडी पाय आखडून घ्यायची, मग दुसरी, मग तिसरी. ती पुढे गेली की मागचे पाय पुन्हा लांब व्हायचे. कृष्णकांतला त्याची मोठी गंमत वाटायची. ताईची जागा अगदी टोकाला, दारापासून सगळ्यात लांब होती.

वेळ जावा म्हणून तो गोदामातून रजा काढून रोज दुपारी तिला एक पुस्तक वाचून दाखवू लागला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की सगळं दालन ऐकतंय. खोकणारे खोकला दाबून धरत. संत्री सोलणारे हात थांबत. लेखक म्हणून त्याला वाचक कधी एकत्र भेटलेच नव्हते. इथं चाळीस माणसं डोळे बांधून त्याच्या तोंडाकडे कान लावून पडली होती. तो हरखून गेला, आणि त्यात नवल काही नाही.

पाचव्या दुपारी त्यानं पाचवं पुस्तक काढलं. बाहेर गार वारा सुटला होता, म्हणून नर्सनं जाताना दालनाचं दार बाहेरून ओढून घेतलं होतं.

"किसना," ताई हळूच म्हणाली, "शेवट केला का गा याच्यात?"

"केला. लोकं मागून राह्यले होते."

"मंग कडी वाजेलोग वाच. पुढं नोको वाचू."

"काहून?"

"बाबा काहून थांबत, ते मले नाही माहीत. त्याइले त्याइच्या बापानं सांगितलं होतं, येवढं माहीत हाये. कागदावर लिवलं ते लिवलं. पन तोंडानं नोको सांगू."

त्यानं मान डोलावली, जी तिला दिसणं शक्य नव्हतं. तो वाचत गेला. गल्ली आली, दिवेलागण आली, पाचवं घर आलं, घरात एकटी पोर, कडी वाजली. तो थांबला.

"सांगा न जी," दाराजवळच्या पहिल्या जागेवरून कन्हानचे म्हातारे लहानूजी म्हणाले. "इतलं आनून सोडता काय? उघडलं का दार पोरीनं?"

"हो जी, सांगा," आणखी दोघंतिघं बोलले.

ताईनं चाचपडत त्याचं मनगट धरलं. त्यानं ते हलकेच सोडवून घेतलं. शेवटचं पान त्याच्या मते फार चांगलं उतरलं होतं. त्यानं ते वाचलं. पोरीनं कडी काढली, "ये वं बाई" म्हणाली, आणि बाहेरची बाई आत आली. गोष्ट संपली.

मग लहानूजींनी पाय आखडून घेतले.

कृष्णकांतनं दाराकडे पाहिलं. दार लागलेलं होतं. वाटेत कोणी नव्हतं. समोरच्या ओळीतल्या पहिल्या बाईनंही पाय वर घेतले. मग दुसरी जोडी, मग तिसरी. डोकी आपापल्या जागी अगदी सरळ होती, सांगितल्याप्रमाणे. फक्त पाय आखडत होते, एकामागून एक, दारापासून आतल्या बाजूला. मागचे पाय पुन्हा लांब होत होते. घाई नव्हती. कोणी जपून, अंदाज घेत चालावं, तशी ती हालचाल वाटेवरून पुढे येत होती.

"कोन आलं जी?" लहानूजींनी विचारलं.

"कोणी नाही..."

"आता तं गेलं इथून. ओल्या पायाचं."

कृष्णकांतनं हातातलं पुस्तक मिटलं. तो घाबरला होता, स्वच्छ घाबरला होता. भीतीवर त्यानं पाच पुस्तकं लिहिली होती आणि त्यातलं एकही वाक्य त्याच्या कामी आलं नाही. ताईच्या शेजारच्या बाईनं पाय वर घेतले... आणि ते लांब केले नाहीत. फिनेलच्या आणि संत्र्यांच्या वासात एक आंबूस वास मिसळला. खळीचा.

"किसना," ताई अगदी हळू म्हणाली, "तू सरकून बसला का?"

"नाही."

"मंग तुह्या बाजूले कोन बसलं?"

सोमवारी पुस्तकं स्टॉलवर गेली आणि हातोहात खपली. वाचणाऱ्यांपैकी कोणाचंही काही वाकडं झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

त्यानंतर तीन दिवसांनी पट्ट्या सुटल्या. डॉक्टरांनी ताईसमोर बोटं धरली, तिनं ती मोजली. तिला डॉक्टरांचा चष्मा दिसला, खिडकीतली संत्री दिसली, पलीकडे नव्या डोळ्यांनी स्वतःचेच हात न्याहाळणारे लहानूजी दिसले. ती हसली, रडली आणि म्हणाली, "माहा भाऊ कुठं हाये?"

कृष्णकांत हातात पुस्तक घेऊन पुढे झाला. ताईनं आनंदानं चेहरा वळवला आणि गच्च डोळे मिटले.

"उजेड लागत असेल," डॉक्टर म्हणाले.

"हो जी," ताई म्हणाली. तिनं पुस्तक हातात घेतलं, डोळे मिटूनच नावावर बोट फिरवलं. "किसना, तू जरा बाहेर जाय गा."

उमरेडला शेजारच्या कांताबाई सांगतात, अनुसयाबाईची नजर आता घारीसारखी आहे. तुटलेला धागा ती दिव्याशिवाय सांधते. पाचही पुस्तकं तिनं स्वतः वाचली, मुखपृष्ठावरचं नाव तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. फक्त भाऊ यायचा असला की डोळ्यांवर पदर बांधून बसते.

पुढच्या हिवाळ्यात तो तिच्याकडे गेला तेव्हा ती दारातच पाय लांब करून उन्हात बसली होती. पदर बांधलेला होता.

"ताई," तो म्हणाला, "आता तरी पाह्य न माह्याकडे."

"पाहीन न. तू एकटा येशील तवा पाहीन."

"एकटाच तं आलो."

त्याला आत जायला वाट व्हावी म्हणून तिनं पाय आखडून घेतले. तो आत गेला, भिंतीशी बसला आणि तिच्याकडे पाहत राहिला. ताईनं पाय तसेच आखडून धरले होते. जरा वेळानं तिनं ते पुन्हा उन्हात लांब केले आणि विचारलं, "चहा मांडू?"