जुना व्हिडिओ, नवी तारीख

“हा व्हिडिओ तुमचाच ना?” वेनिंगने मोबाईल लुकितोच्या नाकासमोर धरला.

व्हिडिओत सेमारांग शहराच्या किनारवस्तीत भरतीचं पाणी घराघरांत शिरत होतं, आणि खाली लिहिलं होतं : आज सकाळी. प्रत्यक्षात गल्ली कोरडी ठणठणीत होती.

“माझाच... पण तीन वर्षांपूर्वीचा,” लुकितो म्हणाला. इथल्या शाळेत विज्ञान शिकवणारा हा मास्तर मुलांसाठी मिनिटभराचे व्हिडिओ करायचा. “कुणीतरी ढापून आजची तारीख लावली. माझं दार बघा — व्हिडिओत तीन पायऱ्या आहेत. आता मोजा.”

दोनच होत्या. पाण्याच्या भीतीने गल्लीत वरचेवर भर पडायची, आणि एकेक पायरी मातीखाली जायची.

“पुरावा पटला, गुरुजी.”

“आणि माणूस?”

“माणसं तपासणं आमच्याकडे नसतं.”

“वाचलो! नाहीतर नापासच होतो मी.”

वेनिंग हसली... किती दिवसांनी, कोण जाणे. खोट्या बातम्या पकडणाऱ्या ऑफिसात ती दिवसभर व्हिडिओंतल्या सावल्या, पाट्या, आवाज तपासायची. संशय इतका अंगवळणी पडला होता की कुणी ‘छान दिसतेस’ म्हटलं, तरी तिच्या मनात यायचं, कशावरून? मैत्रिणी एकेक करून दूर गेल्या. खोलीवर ती एकटीच जेवायची. आता मात्र समोर मोबाईल असायचा, आणि त्यात लुकितोचे धडे, चुका काढ म्हणून पाठवलेले. ती मुद्दाम एखादी चूक शिल्लक ठेवायची, उद्या बोलायला.

मग त्याची बदली झाली, समुद्रापार कालिमांतानला; तीन महिन्यांनी निघायचं होतं. “छान,” एवढंच ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली.

निघायच्या दिवशी सकाळी नऊला त्याचा व्हिडिओ आला. दारात बसून तो म्हणत होता, “वेनिंग, मला तू आवडतेस... खूप. थांब म्हणालीस, तर जाणार नाही.” खाली लिहिलं होतं : जहाज दहाला.

तिने ‘थांब’ लिहायला घेतलं. पण डोळे गेले त्याच्या पायांशी. दोन पायऱ्या! गेल्याच महिन्यात गल्लीत भर पडली होती, आता तिथे एकच उरली होती. म्हणजे व्हिडिओ जुना... आजही तो हेच म्हणेल, कशावरून? ती जवळजवळ तासभर पुन्हापुन्हा बघत राहिली. मग लिहिलं, “हा आजचा नाही.”

उत्तर आलं तेव्हा घड्याळात दहा वाजून गेले होते. “नाही. दोन महिन्यांपूर्वीचा. रोज पाठवायला घ्यायचो, रोज धीर सुटायचा.”

तिने फोन लावला. “उतर! थांब ना रे...”

पलीकडे वारा घोंघावत होता. “जहाज सुटलं गं,” तो हळूच म्हणाला. “तासभर वाट बघितली मी.”

वेनिंगला रडू आवरेना. चूक तिची होती, सगळी तिचीच.

“ए, रडू नकोस. किनारा दिसतोय तोवर रेंज आहे. बोल काहीतरी.”

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली. मग आवाज तुटू लागला, तरी ती तेच पुन्हापुन्हा सांगत राहिली.