येतो म्हणावं

मार्गशीर्षातला गुरुवार. कॅनडातल्या ग्वेल्फ गावच्या घरी अरुणाने महालक्ष्मीचा घट मांडला आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जनरलना प्रसादाला बोलावलं. दर गुरुवारी ते यायचे. शिकवलेले चार मराठी शब्द नीट बोलायचे, आणि निघताना हमखास म्हणायचे, "जातो."

"अहो, किती वेळा सांगू?" अरुणा अगदी मेटाकुटीला आली होती. "सणावाराला 'जातो' म्हणू नये. 'येतो' म्हणावं. अख्खं सैन्य सांभाळलंत, एक शब्द सांभाळवत नाही?"

जनरलनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. मग इंग्रजीत, हळूच म्हणाले, "तो शब्द मी एकदा दिलाय. आमच्याकडे कम्युनिस्टांची राजवट होती. चौक माणसांनी भरला होता, गोळ्या घालायचा हुकूम आला. गच्चीवर हेलिकॉप्टर उभं. मी नेत्याला म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी येतो. तो उडाला, आणि मी रणगाडे माघारी फिरवले. संध्याकाळपर्यंत राजवट पडली. त्याला वाटेत उतरवून मारलं. तो अजून... थांबलाय."

"माणसं वाचवलीत ना? मग देवी पाठीशी आहे. उगाच माझ्या व्रतात अपशकुन नको. म्हणा बघू."

दार उघडलं. साडेपाचलाच मिट्ट काळोख झाला होता. वारा पडलेला. कुठूनसा रॉकेलसारखा उग्र वास आला.

जनरलनी तिच्याकडे दमलेल्या नजरेने पाहिलं. "येतो."

'या' म्हणायला अरुणाने तोंड उघडलं. त्याआधीच बाहेरच्या अंधारातून कुणीतरी म्हणालं, "या."

पुरुषाचा आवाज. अगदी अदबीचा.

"कोण...?" नवरा, शैलेंद्र, तर कामाला दूर व्हिटबीला गेलेला.

जनरल ताठ झाले. कोटाची बटणं लावली. मग डोक्यावर मोठं पातं गरगरत असावं तशी टोपी हाताने दाबून, मान खाली घालून चालू लागले. पायरीवरचा भुरभुरीत बर्फ जागचा हललाही नाही.

ते पुन्हा दिसले नाहीत. पोलीस येऊन गेले. जनरलच्या बॅकयार्डमधला बर्फ पार गवतापर्यंत उडालेला होता.

"विंड असेल गं," शैलेंद्र म्हणाला.

"असा गोल? कंपास लावल्यासारखा?" अरुणा वैतागून म्हणाली, आणि देवापुढे त्यांच्या नावाने आणखी एक वात लावली. येतील, म्हणाली.

पुढच्या गुरुवारी उद्यापन झालं. हळदीकुंकू घेऊन मैत्रिणीची मुलगी अनुया निघाली. दारातून म्हणाली, "येते हं, काकू."

अरुणाने ओठ घट्ट मिटून घेतले.

तरी अनुया पायरीवर वळली, आणि उत्तर मिळाल्यासारखी गोड हसली. अरुणाकडे नाही. तिच्या खांद्यामागे, घरात बघून.