धूमकेतू आणि दोन हाका

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजा. जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी बहीण आत्ता आतल्या खोलीत झोपली आहे.

दोन ऑक्टोबर २०२४. बुधवार. पहाट.

जागा, होसकोटेजवळचं एक तळं.

मी मुग्धा. लग्न होऊन बंगळुरूला, चामराजपेटात आले. माझी धाकटी बहीण सिद्धी आणि तिचा नवरा राजस आयटीतल्या नोकरीसाठी मागाहून नागपूरहून आले.

राजसला आकाशाचे फोटो काढायचा नाद. नाद कसला, वेडच. त्या दिवसांत पहाटे पूर्वेला धूमकेतू दिसत होता. दोन तारखेला ऑफिसला सुट्टी आणि रात्र अमावास्येची, म्हणजे आकाश काळंकुट्ट. त्याला आणखी काय हवं?

पण ती अमावास्या सर्वपित्री होती. मी फोनवर म्हटलं, "आजच्या दिवशी तळ्याकाठी नका रे जाऊ."

"ताई, चंद्र नसला की पितर नाही, तारे दिसतात," तो हसला.

त्याचा एक नियम होता. कॅमेरा सुरू झाला की उजेड करायचा नाही. टॉर्च नाही, मोबाइलसुद्धा नाही. कुणी चुकून उजेड केला की हा अंगावर यायचा. सिद्धी त्याला घाबरून असायची, हे मी स्पष्टच लिहिते.

बांधावर दोघांनी कापडी खुर्च्या मांडल्या. धूमकेतू वर आला. केरसुणीसारखी पुसट शेपटी. कॅमेरा आपोआप एकामागून एक फोटो घेत होता.

खट्... खट्...

"बॅटरी उतरतेय," राजस म्हणाला. "गाडीतली दुसरी आण. आणि मोबाइल लावू नकोस."

ती अंधारात चाचपडत गेली.

थोड्या वेळाने शेजारची खुर्ची करकरली...

त्याच्या हातात हात आला.

गार. ओलसर. दव पडलंय, त्याला वाटलं.

"मिळाली बॅटरी?"

उत्तर नाही. हात मात्र घट्ट झाला. त्याची नजर धूमकेतूवर होती, त्याने मान वळवलीच नाही.

आणि तेवढ्यात... खालून, पाण्याच्या बाजूने...

"राजस! लाइट लाव!"

सिद्धीचा आवाज.

सिद्धी तर शेजारी होती! तिचा हात त्याच्या हातात होता!

आमच्या आईची शिकवण आहे. अंधारात ओळखीच्या आवाजात हाक आली तरी लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतं, भूत मारत नाही. सिद्धीने हे सांगितलं तेव्हा राजसने तिची यथेच्छ टिंगल केली होती.

त्या पहाटे तोच मोजत बसला.

"राजस... लाइट..."

दुसरी.

मग पाणी डुचमळलं...

तिसरी हाक आलीच नाही.

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि शेजारचा हात आणखी घट्ट धरला.

तिसरी हाक कुठून येणार? बांधावरून पाय घसरून सिद्धी तळ्यात पडली होती आणि तिच्या तोंडात पाणी गेलं होतं.

उजाडायला लागलं तेव्हा हात सुटला. राजसने वळून पाहिलं...

खुर्ची रिकामी. कापडावर दव जसंच्या तसं. कुणी बसल्याची खूणच नाही.

खाली आरडाओरडा चालला होता. जाळं काढायला आलेला शिवकुमार नावाचा माणूस पंपाच्या पाइपाला धरून लोंबकळणाऱ्या सिद्धीला बाहेर ओढत होता. "अण्णा, बेगा बन्नी!" लवकर या म्हणून तो राजसला हाका मारत होता.

हॉस्पिटलात ती शुद्धीवर आली. राजस म्हणाला, "तू तर माझ्याजवळ बसली होतीस."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला मात्र तिने नंतर सांगितलं.

"ताई, पाण्यातून बांध दिसत होता. आभाळासमोर दोन डोकी दिसत होती. मी हाक मारली, तो हलला नाही. पण ती हलली... तिने वळून माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं."

त्याच दुपारी राजसने धूमकेतूचा फोटो टाकला. लोकांनी वाहवा केली. मेल्याला त्या दिवशी ते सुचलं तरी कसं!

सिद्धी माझ्याकडे आली ती आलीच. राजसने महिनोन्महिने फोन केले, रडला, माफी मागितली. ती परत गेली नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी पुन्हा त्याचा फोन आला. पण या वेळी आवाजात हसू होतं...

"ताई, सिद्धी घरी आली. इथेच बसलीय. बोलत नाही, पण हात सोडत नाही."

मी समोर पाहिलं. सिद्धी मेथी निवडत होती.

"राजस, आधी लाइट लाव!" मी ओरडले.

"नको ताई. तिला आवडत नाही."

सिद्धीने माझ्या हातून फोन घेतला. एक शब्द बोलली असती तरी त्याला सगळं कळलं असतं.

तिने कान लावून ऐकलं...

आणि फोन बंद केला.

"बसू दे त्याला," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

तेव्हापासून राजसचा फोन लागत नाही. माझा नवरा विद्याधर रोज म्हणतो, "स्वल्प, जरा जाऊन बघून येतो गं."

सिद्धी रोज म्हणते, "उद्या जा, भाऊजी."

माझी सख्खी बहीण आहे ती. पण हल्ली ती शेजारी येऊन बसली की मी आधी उठून दिवा लावते.