अंकिताची बरणी

"बरणी चोरली न्हाई, बाई. बदलली हाय," बनुबाई म्हणाल्या, तेव्हा मदतनीस वरदला हसू आवरेना. एवढ्यासाठी पलूसहून सांगलीला यायचं, तेही खासगी गुप्तहेराकडे?

गुप्तहेर भार्गवी मात्र हसली नाही. तिने गाडीची किल्ली उचलली.

वाटेत बनुबाईंनी सगळं सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी अंकिता सफरचंद-अननसाच्या साली, उरलेली द्राक्षं गुळाच्या पाण्यात मुरवून व्हिनेगर करायची. दोन वर्षांपूर्वी ती तापाने गेली. तेव्हापासून त्याच काचेच्या बरणीत सालींचं नवं पाणी घालत बनुबाईंनी ते टिकवलं होतं.

"काल फडकं सोडलं, तर वास तिच्या बरणीचा न्हाई."

घर रानातच होतं. भोवतालचा ऊस तुटून महिना झाला होता. रान उघडं पडलं होतं.

स्वयंपाकघरात भार्गवीने बरणी उजेडात धरली. आत पाण्यासारखं नितळ व्हिनेगर. वर साय नाही, फडक्याभोवती एक चिलट नाही.

"किती स्वच्छ आहे!" वरद म्हणाला.

थोरल्या जाऊबाई, रंगूबाई, फणकारल्या. "घरभर आंबूस वास. फेकून दे म्हनून लय येळा सांगितलं. पर म्या हात न्हाई लावला."

बनुबाईंचे पती हरिबा, फौजेतले निवृत्त सुभेदार, ओसरीवर बसले होते. तळहाताला पट्टी.

"काय लागलं?" भार्गवीने विचारलं.

"परवा रानात उसाच्या पाल्यानं कापलं. पोरीच्या बरणीचं मला काय ठाऊक न्हाई."

"रंगूबाईच," वरद कुजबुजला.

"त्यांनी बरणी फेकली असती," भार्गवी सगळ्यांसमोर म्हणाली. "तशीच दुसरी आणून ठेवली नसती. बनुबाईंना कळू नये, असं ज्याला वाटलं, त्याने ती ठेवली. आत बाजारचं व्हिनेगर आहे. घरचं जिवंत असतं, त्यावर साय धरते, चिलटं येतात. सुभेदारसाहेब, रानात महिनाभर ऊसच नाही. मग हात कापायला पाला कुठला? ती काच होती ना?"

हरिबांची मान खाली गेली.

"रोज पाटंचं फडकं सोडून वास घ्यायचो. अंकिताच्या हाताला तसाच वास यायचा. परवा निसटली हातातनं. हिला काय सांगू? पोरगी दुसऱ्यांदा गेली म्हनू?"

आता बनुबाई ओरडणार, असं वरदला वाटलं. त्या नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

"दोन वर्सांत आज तिचं नाव घेतलंत. मला वाटायचं, तुमी इसरला."

त्यांनी हरिबांचा पट्टी बांधलेला हात हातात घेतला.

"आवं, आनखी बोला की तिचं."

भार्गवीने वरदला खुणावलं. दोघं गाडीकडे वळले. मागे हरिबांचा आवाज येत होता. मध्येच तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा.