ऐकणं तरी माझं होतं

दिवे गेले होते. गच्चीवर आम्ही भावंडं काकांभोवती बसलो. काका रेडिओ केंद्रावर ध्वनिमुद्रक होते, नुकतेच निवृत्त झालेले.

"ही ऐकीव गोष्ट नाही," ते म्हणाले. "आमच्या निवेदकावर ओढवलेली आहे. गेल्या नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. संध्याकाळी तो घड्याळजीच्या दुकानात निघाला होता. साधं काम, एक कॅसेट आणायची. घड्याळजी त्याचा शाळेपासूनचा मित्र. महिन्यापूर्वीच गेला होता, कामाच्या टेबलावर डोकं ठेवून.

दोघांची एक पद्धत होती. नवा अल्बम कॅसेटवर भरून एकमेकांना द्यायचा आणि उरलेल्या कोऱ्या टेपवर आपल्याला काय वाटलं ते बोलायचं. या जमान्यात कॅसेट! लोक हसायचे. बोलून झालं की घड्याळजी चिमट्याने कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची पट्टी मोडायचा. ती मोडली की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. 'बोललो ते बोललो,' म्हणायचा."

"आणि निवेदक काय बोलायचा?" धाकटीने विचारलं.

"'मस्त आहे.' बस. पण मंगळवारी रात्री त्याचा 'सध्या ऐकतोय' कार्यक्रम असायचा. त्यात घड्याळजीचं सगळं बोलणं हा स्वतःचं म्हणून खपवायचा. लोक जीव टाकायचे. घड्याळजी लवकर झोपणारा, त्याला पत्ताच नाही. एका मंगळवारी कामासाठी जागा राहिला आणि रेडिओ लावला... 'हे गाणं ऐकताना वाटतं, शेजारच्या खोलीत कुणीतरी आवाज न करता भांडी लावतंय. माझी आई गेली त्या आठवड्यात बहीण अशीच लावायची.' आता निवेदकाची आई घरी ठणठणीत! आणि बहीण तर त्याला नाहीच."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

"घड्याळजी तसाच केंद्राच्या फाटकावर आला. पायांत चपला नाहीत. म्हणाला, 'गाणी कुणाचीही असतात रे. ऐकणं तरी माझं होतं.'

निवेदक म्हणाला, 'अरे, घड्याळवाल्याचं कोण ऐकणार?'

मी शेजारी उभा होतो. घड्याळजी तसाच निघून गेला. पुन्हा आला नाही.

तर नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी दुकानात घड्याळजीच्या बहिणीने कॅसेट दिली. 'दादाने तुमच्यासाठी ठेवलीय. पट्टी मोडायची राहिली बहुतेक.' निवेदक खूश! आजची सोय झाली. केंद्रावर येऊन त्याने कॅसेट लावली, अल्बम पुढे पळवला, थेट शेवट गाठला. नुसती खरखर. एक शब्द नाही.

'असू दे,' म्हणाला, 'रेटतो काहीतरी.'

रात्री दहाला कार्यक्रम सुरू झाला. 'आजचं गाणं गेलेल्या मित्रासाठी,' असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. तो काचेपलीकडे, मी अलीकडे, मशीनपाशी. मी त्याच कॅसेटवरचं गाणं लावलं. त्याने हाताने खुणावलं, लाव की. मी म्हटलं, लावलंय.

'खरखर येतेय नुसती.'

माझ्या कानांत गाणं चाललं होतं. स्वच्छ.

त्याने हेडफोन बदलला. पुन्हा बदलला. माझ्याकडे बघितलं...

गाणं संपलं. मी त्याचा माइक सुरू केला.

तो बोलेना.

तोंड उघडं. शब्द नाही...

मग आवाज आला. टक्. बारीक.

ऐकणाऱ्यांना वाटलं, मित्राच्या आठवणीने गहिवरला. किती फोन आले!"



"आता बरा आहे तो?" आमच्या दादाने विचारलं.

"बोललेलं सगळं ऐकू येतं. गाणं लावलं की खरखर. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम आहेत."

"आणि कॅसेट?"

"मशीनचं झाकण बंद होतं. मी उघडलं. पट्टी मोडलेली. चिमट्याने मोडावी तशी, साफ."

"तुकडा आतच पडला असेल ना, काका?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"काचेपलीकडे होता. बंद खोलीत. त्याच्या माइकखाली."