चौफुलीवर घोडा पाठवा

एर्सिलियाच्या घराचा रस्ता मी सांगते मास्तर, पण आधी बसा. त्या बाकावर नको, इकडे दिव्याजवळ या. कागद खिशात राहू द्या. तुम्ही या पठारावर नवे आहात, तुमचा रेडिओही नवा आहे. तरी सहा वाजता निरोप ऐकलात, वहीच्या पानावर उतरवलात आणि बर्फातून इथवर आलात. इथली रीत कुणीतरी तुम्हाला बरी शिकवली. मला ती जन्मापासून ठाऊक होती. म्हणून तर बसा म्हणते.

तीन वर्षांपूर्वीचा जून होता, म्हणजे इथला ऐन हिवाळा. त्या गुरुवारी सकाळी मी शिडी लावून पवनचक्कीच्या पात्यांवरचा बर्फ ठोकून काढत होते. नवरा होता तोवर हे काम तो करायचा, तो गेल्यावर शिडी माझ्या वाट्याला आली. पातं फिरलं नाही तर बॅटरी भरत नाही, आणि बॅटरी भरली नाही तर रेडिओ बोलत नाही. मग पोसो सालादोच्या या दुकानात कुत्रंही फिरकत नाही. पीठ, येर्बाचा चहा, जिन सगळीकडेच मिळते. लोक माझ्याकडे यायचे ते त्या फळीवरच्या पेटीसाठी, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

इथे टपाल महिन्यातून एकदा येतं, तार तर येतच नाही. म्हणून किनाऱ्यावरचं स्टेशन दिवसातून दोनदा निरोप वाचतं, साडेबाराला आणि सहाला. अमक्याला मुलगी झाली, तमक्याची आत्या वारली, खोगीर पाठवा, मेंढ्या विकू नका. ज्याचा निरोप त्याच्या घरी रेडिओ नसेल, तर ज्यानं ऐकला त्यानं तो पोचवायचा. बर्फ असो, वारा असो, तो माणूस तुमचा वैरी असो. निरोप ऐकून घरात बसणारा आमच्यात मेंढीचोरापेक्षा हलका. मी खांबावर पिठाचं रिकामं पांढरं पोतं झेंड्यासारखं चढवायचे. ते दिसलं की लोक घोड्यावर बसून यायचे, आणि पोतं दिसत नसेल तर मी स्वतः जायचे.

एकदा गेले नाही.

हे त्या गुरुवारच्या बरोबर एक वर्ष आधी घडलं. एर्सिलिया इथून दोन कोसांवर, घळीत राहते. तिचा नवरा नासारियो छातीच्या दुखण्यानं किनाऱ्यावरच्या इस्पितळात पडून होता. साडेबाराला निवेदकानं वाचलं, "एर्सिलिया नाउएल्किर यांस. मला सुट्टी मिळाली आहे. आज टपालाच्या लॉरीनं चौफुलीवर उतरतो. घोडा पाठवा." बाहेर बर्फ सुरू झाला होता, पोतं दिसणं शक्य नव्हतं. मला जायला हवं होतं. पण तीन वाजता रेडिओवर मालिका होती. आंधळी मार्सेला त्या दिवशी डोळ्यांवरची पट्टी काढणार होती, आणि त्यासाठी मी चाळीस दिवस थांबले होते. म्हटलं, लॉरी कधी वेळेवर आलीय? भाग संपला की निघते. भाग संपला तेव्हा दाराबाहेरचा खांब दिसेनासा झाला होता. मग म्हटलं, अशा हवेत लॉरी निघालीच नसेल.

लॉरी आली होती. नासारियो चौफुलीवर घोड्याची वाट बघत थांबला आणि मग माझ्या दुकानाच्या दिशेनं चालत निघाला. दुसऱ्या दिवशी माझ्या फाटकापासून पाचशे पावलांवर सापडला, कुंपणाला टेकून, या घराकडे तोंड करून बसलेला. नंतर एकदा मी रेडिओ मोठा करून त्या जागी जाऊन उभी राहिले. तिथवर आवाज ऐकू जातो मास्तर. शब्द न् शब्द ऐकू जातो.

एर्सिलिया आली. रडली नाही. एवढंच विचारलं, "देल्फिना, निरोप आला होता का गं?"

"नाही," मी म्हणाले.

तेव्हा आसपास दुसरा रेडिओ नव्हता, बाकीचे सगळे त्यानंतरच्या वर्षात आले, त्यामुळे माझा शब्द खरा ठरला. इस्पितळवाले शपथेवर सांगत होते की निरोप पाठवला. लोक म्हणाले, दवाखानेवाले काय, काहीही बोलतात. एर्सिलियानं तेवीस मेंढ्या विकून स्वतःचा रेडिओ घेतला. का, तर पुन्हा असं व्हायला नको. तिनं ते मला इथे उभं राहून सांगितलं, आणि मी तिला कोणती बॅटरी घ्यावी ते सांगितलं.

तर वर्षभरानंतरच्या त्या गुरुवारी पात्यांवरचा बर्फ काढून मी आत आले आणि रेडिओ लावला. लोकरीचे भाव झाले. साबणवाली बाई गोड गळ्यानं साबणाचं गाणं म्हणून गेली. मग दोन टँगो. मग एका बाईनं सहा अंड्यांच्या केकची कृती सांगितली. या पठारावर हिवाळ्यात एक अंडं मिळेल तर शपथ! मी तिला चार शब्द सुनावले आणि मटण चिरायला घेतलं. अगदी रोजच्यासारखा दिवस होता.

साडेबाराला निरोप सुरू झाले. त्या निवेदकाचा आवाज म्हणजे कोमट मध. निम्म्या बायका त्यावर भाळल्या होत्या, मीही. त्यानं दोन बाळं आणि एक बारसं वाचलं. मग कागद उलटल्याचा आवाज आला.

"पोसो सालादो येथील देल्फिना ओयार्सो यांस. मला सुट्टी मिळाली आहे. आज टपालाच्या लॉरीनं चौफुलीवर उतरतो. घोडा पाठवा..."

पुढचं मी ऐकलं नाही. सुरी टाकली आणि बॅटरीची तार उपटून काढली. काट्यामागचा पिवळा दिवा विझला. माझे हात मटणाच्या रक्तानं भरलेले होते, ते मी ॲप्रनला पुसत राहिले, पुसतच राहिले. स्वतःला म्हटलं, देल्फिना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. तुझ्या कानात वर्षभर हेच वाजतंय. पेटी आता बंद आहे, आता कोण काय ऐकवणार?

रीत विसरले होते मी.

दोनच्या सुमारास फाटकाशी घोडा आला. उत्तरेकडचा म्हातारा एचेपारे. मिशीवर बर्फ, तोंडभर हसू.

"देल्फिनाबाई, पाहुणा येतोय तुमच्याकडे! घोडा पाठवा म्हणतोय. कोण हो? विधवेच्या घरी लग्नाचं जेवण कधी?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "नाव चुकलं असेल."

"चुकलं? पोसो सालादो, देल्फिना, ओयार्सो. तीन चुका एका दमात? निवेदक झिंगला होता की काय?" त्यानं जिनचा पेला घशात ओतला. "लाजताय काय! मी आपलं ऐकलं, मी सांगितलं. माझ्या डोक्यावरचं उतरलं."

"पाठवणाऱ्याचं नाव...?"

"नाही सांगितलं. शेवटी म्हणाला, तिला कळेल."

तो हसत हसत गेला. मी दाराला कडी लावली. भर दुपारी या दुकानाला कडी मी पहिल्यांदाच लावली असेन.

चार वाजता दार वाजलं. फेरीवाला यामिल होता. त्याचा ट्रक बाहेर धडधडत होता आणि आत यायलाही त्याला वेळ नव्हता. हा सिरियन माणूस एरवी सुईसुद्धा घासाघीस केल्याशिवाय विकत नाही. त्या दिवशी त्यानं विक्रीचं नावही काढलं नाही.

"वरच्या वाडीत होतो, तिथे ऐकलं," तो म्हणाला. "मालिका मध्येच तोडून वाचलं, देल्फिनाबाई. तीन वाजता! तीनला कधी निरोप वाचतात का? बायका शिव्या घालतायत नुसत्या. तुमच्यासाठी होता."

"काय होता?"

तो अडखळला. "घोडा आला नाही... चालत निघतोय... रेडिओचा आवाज येतोय, त्या रोखानं येतो." मग त्यानं माझ्या खांद्यावरून आत फळीकडे पाहिलं. "पण तुमचा रेडिओ तर बंदच आहे."

"हो. बंद आहे."

"मग आवाज कसला येतोय त्याला?"

यामिलनं गळ्यातल्या ताइताला हात लावला आणि चहासुद्धा न घेता गेला. मी घाबरले मास्तर. चांगलीच घाबरले. आत येऊन पेटीला कान लावला. तार माझ्या हातात होती, पेटी थंडगार होती. आत काही नव्हतं. नुसता ओल्या लाकडाचा आणि लोकरीचा वास होता. भिजून आलेल्या माणसाच्या कोटाला येतो तसा.

उजेड जायला लागला आणि एर्सिलिया आली.

खिडकीतून मला आधी दोन घोडे दिसले. पुढच्यावर ती होती, आणि मागे लगाम धरून आणलेला कबरा. तो नासारियोचा घोडा. त्याच्या माघारी कबऱ्यानं कुणाला पाठीवर बसू दिलं नव्हतं. आता पाठीवर खोगीर होतं, खोगिरावर कुणी नव्हतं, आणि घोडा मान खाली घालून एकेक पाऊल रेटत चालत होता.

ती दारातच म्हणाली, "निरोप ऐकला तुझा. तुझा घोडा तर उन्हाळ्यात मेला, मग पाठवणार काय तू? म्हटलं, आपणच चौफुलीवरून माणूस घेऊन यावं."

"एवढ्या बर्फात आलीस..."

"म्हणजे काय? ऐकून घरात बसू?" तिनं शेगडीवर हात धरले. "पण तिथे कुणीच नव्हतं. मी हाका मारल्या. बराच वेळ थांबले. मग हा कबरा आपला आपणच वळला आणि इकडची वाट धरली. बघ तरी त्याला, रिकामा आला आणि केवढा घामेजलाय."

मी पाहिलं. त्याच्या अंगातून वाफ निघत होती.

"कोण येणार होतं, देल्फिना?"

शब्द माझ्या ओठांवर आले होते. ती माझ्यासमोर उभी होती, पापण्यांवर बर्फ, माझ्यासाठी चार कोस तुडवून आलेली. जे मी तिच्यासाठी केलं नाही ते करून. सांगून टाकलं असतं तर तिनं मला मारलं असतं. कदाचित मारलंही नसतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"कुणी नाही," मी म्हटलं. "कुणाचा तरी चावटपणा."

"निरोपाचा चावटपणा? एवढं हलकं कोण असेल?" तिनं फळीवरच्या पेटीकडे पाहिलं. "तेव्हा माझ्याकडे रेडिओ असता ना, तर... इस्पितळवाले अजून म्हणतात पाठवला होता. खोटं बोलतात, नाही का गं?"

"खोटं बोलतात," मी म्हणाले.

तेवढ्यात बाहेर कबऱ्यानं अंग झाडलं. पाठीवरचं ओझं उतरलं की घोडा नखशिखांत थरथरून अंग झाडतो, अगदी तसं. एर्सिलियानं वळून पाहिलं. म्हणाली, "जाते मी, अंधार पडेल."

ती गेल्यावर मी कंदील घेऊन फाटकापर्यंत गेले. ताज्या बर्फात खुरांचे ठसे होते. येतानाचे दोन्ही घोड्यांचे सारखेच खोल होते. जातानाचे पाहिले, तर एकाचे खोल आणि कबऱ्याचे उथळ, नुसते वरवर उमटलेले. दारापर्यंत माणसाच्या पावलांचे ठसे होते, ते फक्त एर्सिलियाचे. मी आत आले. शेगडीजवळचा तो बाक एका टोकाला ओला होता.

तो अजून ओला असतो मास्तर. उन्हाळ्यातसुद्धा. लाकूड फुगलं आहे, हात लावून बघा. नाही, नका लावू.

एर्सिलिया बॅटरी भरायला माझ्याकडेच येते. त्या बाकावर बसते, आणि का कोण जाणे, नेहमी कडेला, शेजारी जागा सोडून. बसली की तिचा चेहरा निवतो. म्हणते, "तुझ्याकडे बरं वाटतं गं." आणि मी चहा ओतते. जून आला की तिची बॅटरी मी काहीतरी सबब काढून अडवून ठेवते. ती बघा कोपऱ्यात. म्हणून तर आजचा निरोप तिनं ऐकला नाही आणि तुम्हाला यावं लागलं.

आता कागद काढा. वाचू नका, मला पाठ आहे. एर्सिलिया नाउएल्किर यांस. मला सुट्टी मिळाली आहे. आज टपालाच्या लॉरीनं चौफुलीवर उतरतो. घोडा पाठवा. या वेळी खाली नाव आहे ना? दाखवा. हो. नासारियो.

द्या तो इकडे. तुम्हाला घळीची वाट सापडणार नाही, आणि हा निरोप तुमचा नाहीच. चार वर्षं झाली तो माझ्याकडे आहे. मी जाते. तिच्यासमोर उभी राहते आणि सांगते. पुढे ती म्हणेल ते.

पायी? हो, पायीच. तो घोडा मेल्यापासून माझ्याकडे दुसरा नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

मग आत्ता दाराबाहेर खुरं कोण आपटतंय, ते तुम्हीही ऐकलंत ना?

दिवा ठेवा. मी येईपर्यंत दार लावून घ्या. आणि मास्तर, आता हवं तर त्या बाकावर बसा. आत्ताच करकरला तो. आता तिथे कुणी नाही.