वाढीव सात सेकंद

लिंबोणी चौकातल्या सिग्नलवर आता उलटे आकडे पळत नसत. खांबावरचा कॅमेरा रस्ता ओलांडणाऱ्याची चाल मोजायचा आणि तो पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांचा लाल दिवा धरून ठेवायचा. म्हातारी माणसं, गरोदर बायका, कुणालाच घाई करावी लागत नव्हती. दोन वर्षांत तिथे एकही पादचारी दगावला नव्हता.

नियंत्रण कक्षात बसणाऱ्या नीलोफर शिकलगारला पडद्यावर चेहरे दिसत नसत. यंत्र ते पुसून टाकी. माणूस लक्षात राही तो चालीवरून. अशाच एका आकृतीवर तिची नजर अडकली. रोज सकाळी सव्वासात, मान ताठ, छाती पुढे. आठ महिन्यांपूर्वी त्या आकृतीला रस्ता ओलांडायला अकरा सेकंद लागत, आता अठरा. पाऊल घासत होतं. डावा हात हलतच नव्हता.

ती मान नीलोफरनं ओळखली. शाळेत कवायत घेणारे खोत सर.

कुणाची ओळख शोधायची नाही, हा कक्षाचा नियम. ती दोन दिवस गप्प बसली. पण तिच्या मामूंचा हात असाच थांबला होता, आणि कंपवात कळेपर्यंत फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ती चौकात जाऊन उभी राहिली.

"सर, डॉक्टरांना एकदा दाखवा."

"कशाला? अजून एका दमात चौक ओलांडतो. कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही."

"सिग्नल तुमच्यासाठी थांबतो, सर. सात सेकंद जास्त." मग तिनं सगळंच सांगितलं.

तिथल्या तिथे खोत सरांनी कवायतीचा पवित्रा घेतला आणि डावा हात पुढे टाकायला गेले. हात मांडीलाच चिकटून राहिला.

डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. औषधं सुरू झाली. नीलोफरनं नियम मोडल्याचं स्वतःच साहेबांना लिहून दिलं. उत्तर अजून आलेलं नव्हतं, तेव्हाच सरांचा फोन आला.

"रागावू की आभार मानू, समजत नाही," ते म्हणाले. "दिव्यानं इतकं सांभाळलं, की माझं मलाच कळलं नाही. नीलोफर, असे आणखी किती जण निवांत रस्ता ओलांडतायत गं?"